गाडी गरम की सेन्सर खराब?

पोकलेन, डंपर, लोडरचे तापमान सेन्सर बदलताना काय पाहावे, काय टाळावे

एप्रिल-मे लागला की चंद्रपूर, वणी, उमरेडच्या उघड्या कोळसा खाणींपासून वाघोली-मोशीच्या खडी क्रशरपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: मशीन गरम होतेय. काटा लाल पट्ट्यात जातो, बजर वाजतो, इंजिन आपोआप ताकद कमी करते आणि बहुतेक ठिकाणी पहिला हात जातो तो सेन्सरकडे. तो स्वस्त असतो, सहज हाताला लागतो आणि पटकन बदलून होतो. बदलल्यावर काटा खाली आला तर बरेच झाले, नाही आला तर पुढचे बघू, असा हिशेब असतो.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी अंगाशी येतो. मशीन खरेच तापत असेल, तर नव्या सेन्सरच्या भरवशावर आणखी दोन शिफ्ट काम रेटले जाते आणि हेड गॅस्केट जाते. सेन्सर खरेच गेला असेल आणि त्या जागी भलताच बसवला, तर काटा हिरव्यात राहतो आणि इंजिन आतून तापून जाम होते. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी सेन्सर खोटे बोलतोय का ते ठरवा, मगच तो बदला.

तुमच्या मशीनवर कुठले सेन्सर आहेत

जुन्या जेसीबीवर किंवा टिपरवर कूलंटच्या तापमानाचा एक सेंडर आणि फार तर गिअरबॉक्सच्या तेलाचा एक स्विच असे. आजच्या पोकलेनवर कूलंट, इंजिनात जाणारी हवा, डिझेल आणि हायड्रॉलिक तेल यांचे वेगवेगळे सेन्सर असतात. लोडर आणि डंपरवर त्यात टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलाची भर पडते. खाणीतल्या मोठ्या डंपरांना तेलाने थंड होणारे ब्रेक असतात, तिथे ब्रेकच्या तेलाचे तापमानही मोजले जाते. भारतात चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज चारचे आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज पाचचे प्रदूषण निकष लागू झाले. या निकषांच्या मशीनवर धूर स्वच्छ करणारी यंत्रणा असते आणि तिच्यासाठी सायलेन्सरच्या बाजूला आणखी काही सेन्सर असतात.

कामाच्या पद्धतीवरून त्यांचे चार प्रकार पडतात. तपासणी आणि खरेदी या दोन्हींसाठी ते ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार स्विचचा. ठरलेले तापमान आले की तो सर्किट जोडतो किंवा तोडतो. त्याला ‘किती’ हे कळत नाही, फक्त ‘हो’ की ‘नाही’ एवढेच कळते.

दुसरा सेंडर. डॅशबोर्डवरचा काटा थेट हलवणारा हा जुना प्रकार. बऱ्याचदा त्याला एकच वायर असते आणि अर्थ मिळतो तो त्याच्या पितळी अंगातून, आट्यांमार्फत. हा मुद्दा लक्षात ठेवा, बसवताना तो पुन्हा येणार आहे.

तिसरा थर्मिस्टर. इलेक्ट्रॉनिक इंजिनांवर कूलंट, हवा, डिझेल आणि तेल यांसाठी सर्रास हाच वापरतात. याला दोन वायरी असतात. तापमान वाढले की त्याचा रेझिस्टन्स घटतो आणि तोही सरळ रेषेत नव्हे, वळण घेत घटतो. एका फार प्रचलित प्रकारात २० अंश सेल्सिअसला साधारण २,५०० ओहम, ५० अंशांना ८३०च्या आसपास, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना १९०च्या जवळपास ओहम मिळतात.

चौथ्या प्रकारात प्लॅटिनमचे सेन्सर आणि थर्मोकपल येतात. एक्झॉस्टसारख्या कडक उष्णतेच्या जागी बहुधा यांचीच गरज पडते. पीटी १०० हा प्लॅटिनम सेन्सर ० अंशांना १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम दाखवतो. म्हणजे तापमानाबरोबर याचा रेझिस्टन्स वाढतो, थर्मिस्टरच्या बरोबर उलट. एका अंशाला जेमतेम ०.४ ओहमचा फरक पडत असल्यामुळे मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्ससुद्धा मोजमाप बिघडवतो. आधी मल्टिमीटरची टोके एकमेकांना लावून येणारा आकडा बघा आणि तो वजा करा.

कोडमधला दुसरा आकडा

इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर स्क्रीनवर किंवा स्कॅनरवर कोड येतो. पुष्कळशा मशीनवर तो दोन भागांत असतो. एसपीएन हा भाग कशाबद्दल तक्रार आहे ते सांगतो. एसपीएन ११० म्हणजे इंजिनचे कूलंट, १७४ म्हणजे डिझेलचे तापमान, १०५ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधली हवा, १७५ म्हणजे इंजिन ऑइल. बहुतेक जण एवढेच वाचतात आणि दुकानात फोन लावतात. निदानाची खरी किल्ली असते ती पुढच्या एफएमआय या आकड्यात.

एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज असायला हवे त्यापेक्षा जास्त. थर्मिस्टरच्या बाबतीत याचा सर्वसाधारण अर्थ सर्किट कुठेतरी तुटले आहे. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज कमी, सिग्नलची वायर बहुधा अर्थला टेकली आहे. एफएमआय २ म्हणजे आकडा उड्या मारतोय, बहुतेक वेळा सैल पिन किंवा घासलेली वायर. या तिन्ही कोडांत संशय सर्किटवर आहे. त्या सर्किटमध्ये सेन्सरही येतो, कपलरही येतो आणि वायरिंगही येते.

एफएमआय ०, १५ किंवा १६ आला तर गोष्ट पार वेगळी. सिग्नल व्यवस्थित येतोय आणि तापमानच जास्त आहे, असे इंजिनचा कॉम्प्युटर सांगतोय. कमिन्सच्या इंजिनांवर हा भेद स्वच्छ दिसतो. कोड १४४ आणि १४५ कूलंट सेन्सरच्या सर्किटबद्दल असतात, १४६ आणि १५१ मात्र कूलंट खरोखर गरम झाल्याचे सांगतात. १५१ आलेला असताना सेन्सर मागवणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे.

पाना उचलण्याआधीच्या तपासण्या

*पहाटेची तपासणी.* ही फुकट आहे आणि हिच्यासाठी काहीही खोलावे लागत नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या मशीनची चावी सकाळी फक्त ऑन करा, इंजिन चालू करू नका. कूलंट, इनटेक हवा, डिझेल, हायड्रॉलिक तेल यांचे आकडे स्क्रीनवर किंवा स्कॅनरवर एकामागून एक बघा. रात्रभर सगळे एकाच हवेत निवलेले असते, त्यामुळे हे आकडे एकमेकांच्या चार-पाच अंशांच्या आत हवेत. बाकी सगळे २६-२७ दाखवत असताना कूलंट एकटे ४१ दाखवत असेल, तर त्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यायला जागा आहे. दुपारी गरम मशीनवर ही तुलना करता येत नाही, म्हणून वेळ पहाटेचीच साधा. मोठ्या टाकीतले हायड्रॉलिक तेल हळू निवते. रात्रपाळी उशिरा संपली असेल तर त्याचा आकडा थोडा वर असणारच.

*कूलंटची पातळी.* थर्मिस्टरचे टोक कूलंटमध्ये बुडालेले असते तोवरच तो खरे सांगतो. गळतीने पातळी खाली गेली आणि टोक उघडे पडले, तर तो वाफेचे किंवा हवेचे तापमान मोजत बसतो आणि आकडा चक्क कमी येतो. होज फुटून कूलंट सांडले, काटा मात्र शेवटपर्यंत हिरव्यातच होता आणि इंजिन जाम झाले, अशा घटनांमागे बहुधा हेच असते. सेन्सरवर ठपका ठेवण्याआधी इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण उघडून डोळ्यांनी पातळी बघा. बाहेरच्या टाकीतल्या पातळीवर विसंबू नका.

*कपलर आणि वायरिंग.* ‘सेन्सर गेला’ म्हणून काढलेल्या कितीतरी सेन्सरांत काहीच दोष नसतो. दोष असतो कपलरमध्ये. प्रेशर वॉशरचा फवारा थेट कपलरवर मारला की पाणी आत शिरते आणि पिनांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या मशीनची वायरिंग उंदीर कुरतडतात. ब्रेकरच्या कामात सततच्या हादऱ्याने पिन मागे सरकते, कपलर बाहेरून बसलेला दिसतो आणि आत जोडच नसतो. कपलर काढून प्रत्येक पिन बघा, सील जागेवर आहे का ते तपासा आणि वायर हलक्या हाताने ओढून पाहा. हार्नेस जिथे ब्रॅकेटला किंवा होजला घासतो तिथे टेपखाली बोट फिरवा.

*जंपर लावून बघणे.* दोन वायरींच्या थर्मिस्टरसाठी ही तपासणी निर्णायक आहे. कॉम्प्युटर या सर्किटला ५ व्होल्ट देतो. सेन्सरचा कपलर काढून चावी ऑन करा. सर्किट उघडे पडल्यामुळे स्क्रीनवर उणे ४०च्या आसपासचा आकडा किंवा एफएमआय ३ यायला हवा. आता हार्नेसच्या बाजूच्या दोन्ही पिना एका बारीक वायरने एकमेकींना जोडा. आकडा एकदम कमाल टोकाला जाईल किंवा कोड बदलून एफएमआय ४ होईल. दोन्ही वेळा असा बदल झाला तर वायरिंग आणि कॉम्प्युटर ठणठणीत आहेत, दोष सेन्सरचा. बदल झालाच नाही तर नवा सेन्सर आणून काहीही साधणार नाही, दोष हार्नेसमध्ये शोधावा लागेल.

एक गोष्ट मात्र सांभाळा. तीन किंवा चार वायरींच्या सेन्सरवर, म्हणजे दाब आणि तापमान एकत्र मोजणाऱ्या सेन्सरवर, अंदाजाने जंपर लावू नका. त्यात ५ व्होल्टचा पुरवठा वेगळ्या पिनेवर असतो. तो अर्थला जोडला गेला तर त्याच पुरवठ्यावर चालणारे इतर सेन्सरही बंद पडतात. तिथे वायरिंग डायग्राम समोर हवाच.

*उकळत्या पाण्याची कसोटी.* सेन्सर काढलाच असेल तर तो फेकण्याआधी आणि नवा बसवण्याआधी दोन्ही तपासून घ्या. पातेल्यात पाणी उकळा, सेन्सर तारेला बांधून असा सोडा की धातूचे टोक बुडेल पण तळाला लागणार नाही. कपलरची बाजू कोरडी ठेवा. दोन-तीन मिनिटांनी आकडा स्थिरावला की ओहम मोजा. हे करताना गावाची उंची विसरू नका. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात साधारण ९८ला, महाबळेश्वरला ९५-९६लाच. वर दिलेल्या प्रकारचा सेन्सर पुण्याच्या उकळत्या पाण्यात २००च्या जरा खाली ओहम दाखवेल. तीनशे दाखवत असेल तर तो गेला. मग कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात ० अंशांची नोंद घ्या. दोन टोके जुळली की मधल्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ओहमचे आकडे मात्र तुमच्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, प्रत्येक बनावटीचा तक्ता वेगळा असतो.

स्विच असेल तर तेलाचे भांडे आणि चांगला थर्मामीटर लागतो, कारण अनेक स्विच १००च्या वरच काम करतात. तापवलेल्या तेलाशी खेळणे धोक्याचे आहे, हे काम गॅरेजवरच करून घ्या.

*इन्फ्रारेड गन.* गनने थर्मोस्टॅट हाउसिंगचे तापमान मोजून स्क्रीनशी ताडून बघता येते. चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा उघड्या पितळेवर गन हमखास कमी दाखवते. त्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा. पृष्ठभाग आतल्या कूलंटपेक्षा थोडा गार असतो, त्यामुळे पाच-सात अंशांचा फरक सोडून द्या. वीस-पंचवीसचा असेल तर शोध घ्या.

सेन्सर खरे बोलत असेल तर

या तपासण्यांतून सेन्सर निर्दोष सुटला तर आनंद माना आणि मूळ दुखण्याकडे वळा. उन्हाळ्यात रेडिएटरचे गणितच बदलते. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल तर दोहोंतला फरक ७० अंशांचा असतो. हवा ४५वर गेली की तो ५० उरतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता बाहेर टाकण्याची त्याची कुवत जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. हिवाळ्यात खपून गेलेली चोक झालेली जाळी, ढिला बेल्ट किंवा कमकुवत झाकण मे महिन्यात उघडे पडते.

जाळी साफ करताना हवा किंवा पाणी हवेच्या नेहमीच्या वाटेच्या उलट दिशेने मारा. पोकलेनवर कूलंट, हायड्रॉलिक तेल आणि इनटेक हवा यांचे कूलर अनेकदा शेजारी किंवा एकापुढे एक असतात. बाहेरून स्वच्छ दिसले तरी दोन कूलरच्या मधल्या फटीत मुरमाची धूळ आणि तेल यांचा थर बसलेला असतो.

रेडिएटरच्या झाकणाकडेही लक्ष द्या. साधारण १ बार दाबाचे चांगले झाकण साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास नेते. त्याची स्प्रिंग मेली की १०० अंशांनाच उकळी फुटते. बोअरचे पाणी भरत राहिलात तर क्षारांचा थर सेन्सरच्या टोकावरही चढतो आणि आकडा उशिरा उशिरा वर येऊ लागतो. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि शुद्ध पाणी एवढेच वापरा.

‘आपल्याकडच्या उन्हात नकोच’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अजून जागोजागी आहे. ती सोडून द्या. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की कूलंटचा मोठा भाग बायपासच्या वाटेने रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो आणि मशीन उलट जास्त तापते. इतर इंजिने कायम थंड राहतात, डिझेल जास्त खातात, लायनर लवकर घासतात. मग काटा वर येत नाही म्हणून सेन्सर बदलला जातो, जो बिचारा खरेच सांगत होता.

हायड्रॉलिक तेलाचा कोड असेल तर कूलंटएवढीच गंभीर दखल घ्या. तेल ८२ अंशांच्या वर सतत राहिले की सील कडक होऊ लागतात आणि तेलाचे आयुष्य भराभर घटते. सर्वसाधारण ठोकताळा असा की दर १० अंशांच्या वाढीला तेल सडण्याचा वेग दुपटीने वाढतो.

नवा सेन्सर घेताना

खरेदीचा एकमेव खात्रीचा आधार म्हणजे मशीनच्या सिरीयल नंबरवरून काढलेला पार्ट नंबर. मॉडेलचे नाव पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये उत्पादनाच्या मधल्या टप्प्यावर इंजिन किंवा हार्नेस बदललेला असतो. कंपनीने जुना नंबर बंद करून नवा दिला असेल तर पार्ट बुकमध्ये त्याची नोंद असते, विक्रेत्याकडून ती दाखवून घ्या.

जुना सेन्सर सोबत नेऊन ‘असाच द्या’ म्हणणे हा बाजारातला नेहमीचा व्यवहार. त्यात तुम्ही फक्त बाहेरचे रूप जुळवता. ते तरी पूर्ण जुळवा. आटे कोणते आहेत ते पिच गेजने बघा. मेट्रिक आटे, म्हणजे एम१२ × १.५ किंवा एम१४ × १.५, सरळ असतात आणि त्यांची गळती ओ-रिंग किंवा तांब्याचा वॉशर थांबवतो. एनपीटी आणि जपानी यंत्रांवर दिसणारे पीटी हे आटे निमुळते असतात आणि आट्यांवरच सील होतात. हे दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण पाव इंचाच्या एनपीटीला इंचात १८ आटे असतात आणि पीटीला १९. शिवाय आट्यांचा कोन एकात ६० अंश, दुसऱ्यात ५५. एकमेकांत ते दोन-तीन वेढे सहज जातात, मग अडतात. जोर लावला की हाउसिंगचे आटे जातात आणि किरकोळ किमतीच्या वस्तूपायी अख्खे हाउसिंग बदलावे लागते.

टोकाची लांबी मोजा. आखूड टोक प्रवाहात पोचत नाही, लांब टोक आतल्या भिंतीला टेकते. कपलरच्या पिना आणि खाचा जुळतात का बघा.

सगळ्यांत मोठा धोका याच्या पुढे आहे. आटे जुळले, कपलर खट्‌कन बसला, लांबीही तीच आणि रेझिस्टन्सचा तक्ता मात्र वेगळा. समजा तुमच्या इंजिनचा कॉम्प्युटर २० अंशांना २,५०० ओहमच्या सेन्सरसाठी बनवलेला आहे आणि दुकानातून २५ अंशांना १० हजार ओहमवाला आला. कूलंट १०० अंशांवर पोचेल तेव्हा हा सेन्सर बनावटीनुसार सातशे ते हजारच्या दरम्यान ओहम दाखवेल. कॉम्प्युटर आपल्या तक्त्यात तो आकडा शोधेल आणि पन्नाशीच्या आसपासचे तापमान धरेल. पंख्याचे नियंत्रण या आकड्यावर असेल तर पंखा रेंगाळेल, बजर वाजणार नाही, कोडही येणार नाही, कारण सर्किट कुठेच तुटलेले नाही. म्हणून दुकानातच मल्टिमीटर लावा. दुकानाच्या तापमानाला जुन्याचा आणि नव्याचा रेझिस्टन्स शेजारी शेजारी मोजा. जुना सेन्सरच नादुरुस्त असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा.

कंपनीचाच घ्यावा की बाजारातला? सेन्सर बनवणाऱ्या नामांकित कंपन्या यंत्र उत्पादकांना जे पुरवतात तेच स्वतःच्या खोक्यातूनही विकतात. असा सेन्सर, त्याच पार्ट नंबरच्या अधिकृत समकक्ष यादीतून घेतलेला, निर्धास्त वापरा. बिननावाच्या पांढऱ्या पिशवीतला सेन्सर साध्या काट्यासाठी फार तर चालेल. ज्या सिग्नलवर इंजिनचे इंधन, पंखा आणि बंद पडण्याची सुरक्षा अवलंबून आहे तिथे तो नको. अंगावर कोरलेला नंबर, बॅच आणि खोक्यावरचा नंबर जुळतो का ते बघा, पक्के बिल घ्या.

बसवताना

मशीन सपाट जागी उभे करा, बकेट किंवा ब्लेड जमिनीवर टेकवा, चाकांना ठोकळे लावा. खाणीत काम करत असाल तर आयसोलेटरला आपले कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय हात घालू नका. युरिया टाकी असलेल्या मशीनवर चावी बंद केल्यावर काही मिनिटे थांबा, मगच बॅटरीचा आयसोलेटर फिरवा. इंजिन बंद झाल्यावरही युरियाचा पंप नळ्या रिकाम्या करत असतो.

इंजिन हाताला गार लागेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबाखालचे १०० अंशांच्या वरचे कूलंट झाकण सैल होताच वाफ होऊन उसळते आणि चेहरा-हात भाजतात. हायड्रॉलिक टाकीचाही दाब आधी सोडा.

सेन्सरच्या आजूबाजूची धूळ ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर ती भोकातून आत जाते. कपलरचे लॉक दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. सेन्सर डीप सॉकेटने काढा. भोकातून येणारे कूलंट भांड्यात धरा. नवा सेन्सर हाताशी तयार असेल तर फारसे सांडत नाही. जुना वॉशर किंवा ओ-रिंग आत चिकटून राहिली नाही ना ते बघा. एकावर एक दोन वॉशर बसले की टोक तेवढे बाहेर राहते आणि गळतीही होते.

नवा सेन्सर पहिले काही वेढे बोटांनीच फिरवा. हाताने जात नसेल तर आटे तिरपे पडले आहेत, काढून पुन्हा लावा. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. इम्पॅक्ट गन अजिबात नको, पितळी अंग मानेत तुटते आणि अर्धा तुकडा आत राहतो. एका वायरच्या सेंडरला टेफ्लॉन टेप गुंडाळली तर अर्थ तुटतो किंवा कमजोर होतो आणि काटा मनाला येईल ते दाखवतो. मॅन्युअलने सांगितले असेल तेवढाच द्रव सीलंट, तोही पहिले एक-दोन आटे सोडून लावा.

कपलरच्या सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीस थोडेसे पुरते, साधे चॅसिस ग्रीस भरू नका. वायरिंग मूळ क्लॅम्पमध्येच परत बसवा. कूलंट भरताना हवा काढण्याचे स्क्रू उघडा, नाहीतर सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा अडकतो आणि नवा सेन्सरही खोटा ठरतो. मग इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, बऱ्याच इंजिनांत हे ८२ अंशांच्या आसपास होते. या वेळी वरचा होज गरम होऊ लागतो. स्क्रीनवरचा आकडा आणि होजवर ठेवलेला हात यांचा मेळ बसतो का बघा. पंखा, बेल्ट आणि गरम एक्झॉस्टपासून हात दूर ठेवा. गार झाल्यावर पातळी पुन्हा तपासा आणि कोड पुसा.

एक्झॉस्टचे सेन्सर

धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेतले सेन्सर वेगळ्याच वातावरणात जगतात. फिल्टरमधली काजळी जाळताना तिथले तापमान ५५० ते ६०० अंशांवर जाते. यांची जागा ठरलेली असते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या धुराचे सेन्सर वेगळे असतात, लांबी आणि वायरही वेगळी. काढण्याआधी फोटो काढा, वायरींना खुणा करा. काही इंजिनांत सगळे सेन्सर आणि त्यांचे मॉड्यूल मिळून एकच भाग असतो, सुटा सेन्सर येत नाही. आट्यांवर उष्णता सोसणारा, आटे अडकू न देणारा लेप आधीच लावलेला नसेल तर तो फक्त आट्यांना लावा, टोकाला लागू देऊ नका. वायरला टोकाशी तीव्र बाक देऊ नका. अडकलेला सेन्सर थंड इंजिनवर जोर लावून तोडण्यापेक्षा भेदक तेल मारून रात्रभर ठेवलेला बरा.

बजर बंद करण्याचे ‘उपाय’

काम अडू नये म्हणून सेन्सरच्या जागी ठरावीक रेझिस्टर लावणे, बजरची वायर कापणे, स्विच डायरेक्ट करणे हे प्रकार सर्रास चालतात. असे करून मशीन थंड होत नाही, ते तापल्याची खबर तेवढी बंद होते. कोळसा खाणीत तापलेले टर्बो, फुटलेला हायड्रॉलिक होज आणि कोळशाची भुकटी एकत्र आली की डंपरला आग लागायला फार वेळ लागत नाही आणि केबिनमधला ऑपरेटर जमिनीपासून कितीतरी उंच असतो. मशीन दुसऱ्याकडून विकत किंवा भाड्याने घेत असाल तर कपलर काढून आकडा बदलतो का ते एकदा पाहाच. न बदलल्यास कुणीतरी आधी हात मारून ठेवला आहे.

नोंद आणि साठा

सेन्सर बदलल्यावर लॉगबुकमध्ये पाच गोष्टी लिहा: अवर मीटरचा आकडा, आलेला कोड, जुन्या सेन्सरचे मोजलेले ओहम, नव्याचा पार्ट नंबर आणि काम झाल्यानंतरचे चालू तापमान. एकाच मशीनवर तोच सेन्सर वर्षात दुसऱ्यांदा गेला तर ही नोंद सांगेल की दोष सेन्सरचा नाही, हार्नेसचा किंवा हादऱ्यांचा आहे.

एकाच बनावटीची चार-पाच मशीन एका साइटवर असतील तर कूलंटचा आणि हायड्रॉलिक तेलाचा एकेक तपासलेला सेन्सर, त्यांच्या ओ-रिंगा आणि कपलरचे दुरुस्ती किट एवढे स्टोअरमध्ये ठेवा. प्रत्येक प्रकार साठवण्यात पैसा अडकतो. सोबत एक बरा मल्टिमीटर ठेवा आणि तो वापरायला ऑपरेटरलाही शिकवा. मशीनपाशी रोज पहाटे पहिला तोच पोचतो, आणि चावी ऑन करून चार आकडे वाचायला त्याला दोन मिनिटे पुरतात.